वाहवा झालेली मिसेस मेझल : खरंच का एवढी गुणाची?

मैत्रिणींनो, दुकानदार कितीही गोडवे गाऊ दे, आपण साडी तेवढ्यावर घेत नाही. पदर उलटून आतली बाजू पाहतो, काठ चिमटीत धरून बघतो, एखादा धागा सुटलाय का ते पाहतो आणि मगच पर्सला हात घालतो. मग एखाद्या मालिकेला ढीगभर बक्षिसं मिळाली, जाणकारांनी डोक्यावर घेतली, म्हणून तिच्यासाठी आपल्या रात्रीच्या झोपेतला तास का द्यावा? तीही आतून पाहायला नको?

‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ या अमेरिकन मालिकेचं माझं असंच झालं. आमच्या शाळेतल्या एक बाई मधल्या सुट्टीत तिच्याबद्दल इतक्या भरभरून बोलल्या, की चहा गार झाला तरी त्यांचं संपेना. “नवऱ्यानं सोडलेली गृहिणी स्टेजवर उभी राहून लोकांना हसवते, बघाच तुम्ही!” असं त्यांनी बजावलं. मी घरी येऊन रात्री पहिला भाग लावला. हे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले, लेक झोपलेली, आणि सासूबाई नेहमीप्रमाणे वाती वळत समोर बसलेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. पण ही गोष्ट समजायला मला त्यांचीच जास्त मदत झाली, ते पुढे सांगतेच.

गोष्ट आहे तरी काय?

साल 1958, शहर न्यूयॉर्क. मिरियम ऊर्फ मिज मेझल ही सुखवस्तू ज्यू घरातली, चांगल्या कॉलेजात शिकलेली तरुण बाई. वडील गणिताचे प्राध्यापक, नवरा जोएल ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, एक मुलगा, एक तान्ही मुलगी, आणि राहायला प्रशस्त फ्लॅट. त्याच इमारतीत माहेर. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, दृष्ट काढावी असा संसार!

जोएलला एक हौस आहे. रात्री ग्रीनिच व्हिलेज भागातल्या ‘गॅसलाइट’ नावाच्या कॅफेत जाऊन विनोद सांगायचे. हा कॅफे खराखुरा होता बरं का, 1958 मध्येच सुरू झालेला. तिथे नवऱ्याला सोयीची वेळ मिळावी म्हणून मिज काय करते? तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेला मांसाचा खास पदार्थ काचेच्या भांड्यात घालून तिथल्या माणसाला नेऊन देते. शिवाय कोपऱ्यात वही घेऊन बसते आणि कुठल्या वाक्याला किती हशा आला ते टिपून ठेवते. नवऱ्याच्या हौसेचं सारं व्यवस्थापन बायकोकडे. हे वाचून तुमच्यापैकी किती जणी गालात हसल्या असतील, ते मला इथे बसून दिसतंय!

एका रात्री जोएलचा कार्यक्रम साफ पडतो. तसे त्याचे विनोदही स्वतःचे नव्हतेच, एका नामवंत विनोदवीराचे उचललेले होते. घरी येऊन तो सांगतो, “मी चाललो.” का, तर सेक्रेटरीबरोबर सूत जमलंय. आणि जाताना बॅग नेतो ती कुणाची? बायकोची! आईवडिलांना सांगायला गेली, तर ते तिलाच म्हणतात की जा आणि त्याला परत आण.

त्या रात्री मिज दारूच्या नशेत, नाइटगाउनवर कोट चढवून, भुयारी रेल्वेने त्या कॅफेत जाते. कशाला? तर आपलं ते काचेचं भांडं परत आणायला! संसार मोडला, पण दुसऱ्याकडे राहिलेलं भांडं सोडायचं नाही. मला तर हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पदार्थ घालून दिलेला आपला स्टीलचा डबा महिनाभर परत आला नाही की आपल्याला कशी चुटपुट लागते, नाही का? आणि तिथे गेल्यावर ती चुकून स्टेजवर चढते. नवरा कसा गेला ते बोलू लागते, आणि लोक हसू लागतात. नवऱ्याला जे चोरूनही जमलं नाही, ते हिला रडता रडता जमतं. कॅफेतली सूझी नावाची फटकळ बाई हे पाहते, आणि पुढे तिची व्यवस्थापक होते.

एवढं कौतुक कशाचं?

मालिका 2017 साली आली आणि 2023 च्या मे महिन्यात संपली. पाच पर्वं, एकूण 43 भाग. 2018 च्या एमी पुरस्कारांत तिला आठ बक्षिसं मिळाली. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका हीच. मिज झालेल्या रेचेल ब्रॉस्नहॅनला आणि सूझी झालेल्या अ‍ॅलेक्स बोरस्टीनलाही पुरस्कार मिळाले. मालिकेची कर्ती एमी शर्मन-पॅलॅडिनो हिला विनोदी लेखन आणि विनोदी मालिकेचं दिग्दर्शन या दोन्हींसाठी एकाच वर्षी गौरवलं गेलं. असं यश मिळवणारी ती पहिलीच स्त्री. मला आणखी एक गोष्ट आवडली. तिचे वडील स्वतः स्टेजवर विनोद सांगणारे कलावंत होते. म्हणजे हा घरातलाच मसाला, उसना आणलेला नाही.

पण या मालिकेची तऱ्हा मात्र विचित्र. पहिले दोन भाग मला चक्क वैताग आला होता. सगळं कसं रंगवून ठेवल्यासारखं! मिजचा कोट गुलाबी, तर टोपी त्याच छटेची, हातमोजेही जुळणारे. दुकानात शिरली तर विक्रेत्या मुली कवायत करावी तशा झपझप चालतात. कॅमेरा मध्ये न थांबता या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून, गर्दीतून तिच्या मागे धावतो. आणि बोलणं! एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. टेनिसचा चेंडू इकडून तिकडे जावा तसं. मी पदवीपर्यंत इंग्रजी शिकलेली, पण खाली अक्षरं लावल्याशिवाय निम्मं डोक्यावरून गेलं. मनात आलं, खऱ्या आयुष्यात कुणी असं बोलतं का? इतकं देखणं कुणाचं घर असतं का? हे तर संगीत नाटकच झालं, फक्त गाणी तेवढी काढून टाकलेली.

रात्रीचं कोल्डक्रीम

आणि मग एक प्रसंग माझ्या नीट लक्षात आला. पहिल्याच भागात होता, पण मी तेव्हा वरवर पाहिला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावला.

नवरा झोपला की मिज हळूच उठते. न्हाणीघरात जाऊन चेहऱ्याचा रंग पुसते, कोल्डक्रीम लावते, केस गुंडाळते आणि पुन्हा येऊन पडते. पहाटे नवऱ्याच्या आधी उठते, सगळं पुसून पुन्हा लिपस्टिक, पावडर, केस ठीकठाक, आणि परत गादीवर पडून झोपल्याचं सोंग घेते. गजर झाला की नवऱ्याच्या शेजारी जागी होते ती फुलासारखी ताजी बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने तिचा खरा चेहरा पाहिलेलाच नाही. शिवाय ती रोज टेप घेऊन घोटे, पोटऱ्या, मांड्या मोजते आणि वहीत लिहिते.

सासूबाई वाती बाजूला ठेवून पाहत होत्या. शब्द कळत नव्हते, पण त्या म्हणाल्या, “म्हणजे झोपेचंसुद्धा सोंगच की गं!”

बस्स, त्या एका वाक्यात माझा वैताग गेला. हे रंग, ही जुळवाजुळव, हा झपाटा उगाच नटवेपणा नाही. त्या बाईचं आयुष्यच तसं रंगवून ठेवलेलं आहे, आणि ते तसं राहावं म्हणून ती दिवसरात्र राबते आहे. मालिकेचं देखणेपण म्हणजे मिजचीच रोजची मेहनत. म्हणून तर ती अंधाऱ्या, धुरकट कॅफेत विस्कटलेल्या केसांनी उभी राहते, तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो. पहिल्यांदा ती न मांडता, न आवरता कुणासमोर उभी असते.

पाहुणे यायच्या आधी तासाभरात घर आवरून, घामेजलेला गाऊन बदलून हसतमुखाने दार उघडणारी बाई आपल्यापैकी प्रत्येकीच्या आत आहे. म्हणूनच मी म्हणते, पहिल्या पर्वाला जाणकारांनी जी दाद दिली, ती अगदी योग्य दिली. तिथे थाट आणि मजकूर यांची गाठ पक्की आहे.

खऱ्या मिसेस मेझल

मिज ही काल्पनिक. पण तिच्यासारख्या बायका खरोखर होऊन गेल्या, आणि त्यांची हकीकत कळली की मालिकेतलं पुष्कळ उमगतं. जीन कॅरोल ही तर त्याही आधीची, दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत नीटनेटक्या पोशाखात विनोद सांगणारी. जोन रिव्हर्स मिजच्याच वयाची, न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबातली, शिकलेली. आणि फिलिस डिलर! ही पाच मुलांची आई, गृहिणी. तिने 1955 साली सॅनफ्रान्सिस्कोतल्या एका क्लबात पहिल्यांदा कार्यक्रम केला, तेव्हा तिचं वय होतं 37. म्हणजे साधारण माझ्या-तुमच्याएवढं.

पण डिलरबाईंनी स्टेजवर कसा वेश केला ठाऊक आहे? पिंजारलेले केस, बेढब झगे, हातात लांबलचक सिगारेटची नळी. स्वतःच्या रूपाची, स्वयंपाकाची, काल्पनिक नवऱ्याची टिंगल करायची. लोकांना बाईचं हसू चाले, पण ती बाई आधी स्वतःला कुरूप करून आली तर! देखणी, नीटनेटकी बाई उभी राहून पुरुषांची फिरकी घेते, हे पचायला जड.

मालिकेत याच गोष्टीवर एक झकास पात्र आहे, सोफी लेनन. स्टेजवर ही गबाळ्या कपड्यातली, अंगाला कापूस बांधून लठ्ठ झालेली, साध्या वस्तीतली बाई. मिज तिच्या घरी जाते तर काय, महालासारखं घर, नोकरचाकर, अंगावर फर! ती मिजला शिकवण देते की बाईनं बाई म्हणून लोकांसमोर जाऊ नये, काहीतरी सोंग घ्यावं. मिज भर कार्यक्रमात तिचं बिंग फोडते आणि त्यापायी स्वतःचीच वाट अडवून घेते. घरातलं सोंग टाकून आलेली बाई स्टेजवर दुसरं सोंग कसं घेईल? हा भाग जरूर पाहा.

लेनी ब्रूस हा आणखी एक. तो मात्र काल्पनिक नाही. हा विनोदकार 1925 मध्ये जन्मला आणि 1966 मध्ये गेला. अश्लील बोलल्याबद्दल त्याला वारंवार पकडलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये 1964 साली शिक्षा झाली आणि त्या राज्याच्या गव्हर्नरांनी ती माफ केली 2003 मध्ये, तो जाऊन 37 वर्षं झाल्यावर. मालिकेत तो मिजचा मित्र आहे. दोघांचे प्रसंग हळुवार आहेत. एरवी धावणारी मालिका त्यांच्यापाशी थांबते, श्वास घेते.

आता सुटलेले धागे

पदर उलटून पाहायचा म्हणजे दोषही सांगायला हवेत.

दुसऱ्या पर्वापासून थाट वाढतो आणि मजकूर पातळ होतो. मिजची आई रुसून पॅरिसला जाते, मग सगळे पॅरिसला. नंतर सगळे उन्हाळ्यात डोंगरातल्या विश्रामस्थानी. तिसऱ्या पर्वात गायकाबरोबर दौरा, मायामीचा समुद्रकिनारा. पाहायला छान! पण भारी डिनरसेट मांडावा आणि ताटात वाढायला फक्त पापड असावा, असं काही भागांचं होतं. पहिल्या पर्वात कोटाच्या आत बाई होती. इथे कधी कधी नुसता कोटच चालतो.

दुसरं, पैशाची झळ तिला फारशी बसतच नाही. नवरा सोडून गेल्यावर आपल्यातल्या बाईला आधी घरभाडं आणि शाळेची फी दिसते. मिजलाही दुकानात नोकरी करावी लागते, फ्लॅट सोडावा लागतो, हे खरं. पण नवा पोशाख काही थांबत नाही. आईवडिलांचं घर, सासऱ्यांचा धंदा, आणि घरात मोलकरीण झेल्डा आहेच. बंड करायलाही पाठीशी थोडं बूड लागतं, हे मालिका सांगत नाही. ते आपण समजून घ्यायचं.

तिसरं म्हणजे सगळीच पात्रं हजरजबाबी. बाप, सासरा, दुकानातली मुलगी, सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे टोले मारतात. एकाच फोडणीच्या चार भाज्या झाल्या की जेवणारा कंटाळतोच.

आणि चौथं, शिव्या भरपूर. पहिल्याच भागात स्टेजवर नको तेवढं अंगप्रदर्शनही आहे, आणि त्यापायी तिला पोलीस पकडून नेतात. तेव्हा वडीलधारी मंडळी आणि मुलं झोपल्यावरच लावा. मी सासूबाईंसमोर लावली आणि ऐन वेळी रिमोट सापडेना, ती फजिती तुमची होऊ नये!

“हिची पोरं कुठायत?”

पण खरा मुद्दा वेगळाच. तिसऱ्या पर्वात कुठेसे आलो असू. मिज सूझीबरोबर विमानाने कुठल्याशा गावी चालली होती. सासूबाईंनी वात वळता वळता विचारलं, “अगं, हिची पोरं कुठायत? कोण बघतंय त्यांना?”

मी म्हटलं, “असतील आजीकडे.”

“हं,” एवढंच त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, हा आक्षेप एकट्या सासूबाईंचा नाही. कौतुक करणाऱ्यांमध्येसुद्धा पुष्कळांनी हेच म्हटलंय की मिज आईपणात कमी पडते. मुलं कुणाच्या तरी हाती देऊन ती निघते, आणि मालिका त्यावरून हसत हसत पुढे जाते. मलाही आधी पटलं. पण त्या “हं”ने माझी झोप उडवली. कारण ‘आजीकडे’ हा शब्द आमच्याच घरचा होता.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. सकाळी लेकीला शाळेच्या रिक्षात बसवून शाळेत जाते. दुपारी ती घरी येते तेव्हा दार उघडतात, ताट वाढतात, दप्तरातला डबा काढून घासायला ठेवतात त्या सासूबाई. माझ्या नोकरीची भिंत त्यांच्या दुपारवर उभी आहे. आणि शाळेने मला जूनपासून पूर्ण वेळ याल का, असं विचारून दीड महिना झाला होता. मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. कसं विचारायचं आणि कुणाला, हेच कळत नव्हतं.

मग आणखी एक ध्यानात आलं. सासूबाईंनी विचारलं, “हिची पोरं कुठायत?” जोएल तर घर सोडून गेला, क्लब काढला, मित्रांत बसला, तेव्हा “ह्याची पोरं कुठायत?” असं आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. खरं तर जोएल पुढे सुधारतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी तो लपून तिचा कार्यक्रम पाहतो, तिला टाकून बोलणाऱ्या माणसाला बाहेर बदडतो, आणि ती चांगली आहे हे कळवळून कबूल करतो. मुलांनाही सांभाळतो. पण त्याने मुलांना फिरायला नेलं की आपण म्हणतो किती चांगला बाप, आणि तिने ठेवून गेली की म्हणतो कशी ही आई. हा हिशेब मालिकेचा नाही, आपला आहे.

पाचव्या पर्वात मालिकाही या प्रश्नापाशी परत येते, आणि म्हणूनच शेवटी माझ्या मनातून उतरली नाही. तिथे पुढच्या काळातले प्रसंग मध्ये मध्ये येतात. ती तान्ही मुलगी एस्थर 1981 मध्ये मोठी, अतिशय बुद्धिमान, पण आईचं नाव निघालं की बिथरणारी, मनाच्या डॉक्टरांकडे बसलेली दिसते. म्हणजे यशाची किंमत होती, आणि ती कुणी भरली तेही मालिका लपवत नाही. मिजला नावलौकिक मिळतो, पण सगळं गोड गोड होत नाही. सूझीशीसुद्धा तिचं मोठं बिनसतं.

आणि एक प्रसंग तर असा, की मी यांना लॅपटॉप बंद करायला लावून शेजारी बसवलं. मिजचे वडील मित्रांबरोबर जेवायला बसलेत. आयुष्यभर मुलगा, नातू यांच्यातच हुशारी शोधणारा हा प्राध्यापक. त्याला आता कळतं की घरातली खरी बुद्धिमान ती नात आहे, आणि नवरा सोडून गेल्यावर मोडून पडेल असं वाटलेली मुलगी उलट उभी राहिली, ती कुणाच्या मदतीने नाही. आपण तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही, हे तो म्हातारा मित्रांसमोर कबूल करतो. टोनी शलूब या नटाने हे इतकं हळू, इतकं साधं केलंय! ना गुलाबी कोट, ना धावता कॅमेरा. चार म्हातारे आणि एक टेबल. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्या तिला शाळेच्या रिक्षात मीच बसवतो.” एवढंच, पण म्हणाले खरं!

सासूबाईंच्या नकला

शेवटचा भाग संपला त्या रात्री मी सासूबाईंना म्हटलं, “आई, बाईनं चारचौघांत असं उभं राहून लोकांना हसवणं तुम्हाला कसं वाटतं?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “मी करायची की.”

लग्नाला माझ्या अकरा वर्षं झाली, पण हे मला ठाऊक नव्हतं. नव्या नवरी असताना मंगळागौरीच्या जागरणाला त्या सोंगं काढत, नकला करत. घरमालकाची, पोस्टमनची, तपकीर ओढणाऱ्या चुलत सासऱ्यांची. फुगड्या, झिम्मा थांबवून बायका म्हणत, आता हिचं होऊ दे. आळीतल्या बायका मुद्दाम येत. एका वर्षी दाराआडून पुरुष मंडळीही ऐकत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी वडीलधारं मामंजींना बोललं, की घरंदाज बायकांना हे शोभत नाही. मामंजी रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “पुढच्या वर्षी नको.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, नाही केल्या.” आणि त्यांनी त्या चुलत सासऱ्यांची तपकीर ओढायची नक्कल करून दाखवली. बसल्या जागी, हातात वात तशीच. मी पोट धरून हसले. लेक झोपेतून उठून आली आणि म्हणाली, “आजी, परत कर!”

मिजला कॅफे मिळाला, सूझी मिळाली. कितीजणींचे कार्यक्रम असे दाराच्या आतच संपले असतील!

त्याच रात्री मी पूर्ण वेळेच्या नोकरीचं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, “माझे गुडघे काही आता पूर्वीसारखे नाहीत. मी दुपार बघेन, पण संध्याकाळचं मला विचारू नकोस, त्याला विचार.” विचारलं. दोन संध्याकाळी लवकर येतो असं त्यांनी कबूल केलंय. बाकीच्या संध्याकाळचं अजून घोंगडं भिजतच आहे. पण प्रश्न योग्य माणसाकडे गेला, हे काय कमी?

मग पाहावी का?

कौतुकातलं बारा आणे खरं, चार आणे झगमगाटाचं. पहिलं पर्व सगळं पाहा, आठच भाग आहेत. दुसरं आणि तिसरं भाजी निवडता निवडता पाहिलंत तरी चालेल. पाचवं मात्र काम बाजूला ठेवून पाहा, आणि त्यातला वडिलांच्या जेवणाचा प्रसंग घरातल्या पुरुषांना शेजारी बसवून. खाली अक्षरं लावायला विसरू नका, आणि एका रात्री एकच भाग. सगळं एकदम खाल्लं की श्रीखंडही बाधतं.

आणि जमलं तर शेजारी सासूबाईंना किंवा आईला बसवा, नको ते प्रसंग टाळून. मग टीव्ही बंद झाल्यावर विचारा, “तुम्ही काय करायचात?” त्या काय सांगतात, ते मला जरूर कळवा.